जमीन आहे, सातबारा नाही: बायलकुप्पेच्या तिबेटी वसाहतीचं प्रकरण

म्हैसूरहून मडिकेरीकडे निघालं की कुशालनगरच्या जरा अलीकडे बायलकुप्पे लागतं. कूर्गच्या सहलीला जाणारी मराठी कुटुंबं तिथे हमखास थांबतात. नामड्रोलिंग मठातल्या सोनेरी मूर्ती बघतात, मोमो खातात, मक्याच्या शेतांकडेला फडफडणाऱ्या पताकांचे फोटो काढतात आणि पुढच्या मुक्कामाला निघतात. वरवर पाहिलं तर गाव भरलेलं दिसतं. शेती आहे, शाळा आहेत, दवाखाना आहे, सहकारी सोसायटी आहे आणि मठांमध्ये हजारो भिक्षू आहेत.

या वसाहतीबद्दल दोन गोष्टी नेहमी बोलल्या जातात. एक, निर्वासितांचं पुनर्वसन कसं करावं याचं जगात जे थोडं चांगलं उदाहरण आहे त्यात हिचं नाव घ्यावं लागतं. दोन, इथली तरुण मुलं वसाहत सोडून बंगळुरू, दिल्ली, टोरांटो, न्यू यॉर्क गाठत आहेत आणि मागे म्हातारी माणसं, लहान मुलं आणि भिक्षू उरत आहेत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोक त्या वेगवेगळ्या करून सांगतात, यश सरकारच्या खात्यात आणि गळती ‘तरुणांना परदेशाचं वेड’ या खात्यात. माझं म्हणणं असं की दोन्हींचा उगम एकाच धोरणात आहे. भारत सरकारने तिबेटी लोकांना एकत्र राहायला जागा दिली, त्यांची भाषा शिकवणाऱ्या शाळा दिल्या, आपला कारभार आपण बघण्याची मोकळीक दिली. मालकी आणि नागरिकत्व मात्र हातचं राखून ठेवलं. पहिल्या तीन गोष्टींवर वसाहत उभी राहिली आणि उरलेल्या दोन नसल्यामुळे ती आता रिकामी होते आहे.

पाहुणे म्हणून आले

१० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा तिथून निघाले आणि ३१ मार्चला त्यांनी भारताची हद्द ओलांडली. त्यांच्या पाठोपाठ साधारण ऐंशी हजार माणसं आली. नेहरूंची पंचाईत उघड होती. पाचच वर्षांपूर्वी, २९ एप्रिल १९५४ रोजी, भारताने चीनशी करार करून तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचं मान्य केलं होतं. आता त्याच प्रदेशाचा धर्मगुरू आणि त्याचे लोक दारात उभे होते. आश्रय नाकारणं शक्य नव्हतं, देशात तसं चालूनही गेलं नसतं. पण या लोकांना ‘राजकीय निर्वासित’ म्हणून कायद्याच्या चौकटीत बसवलं तर पेकिंगला जायचा तो संदेश गेला असता. त्यावर निघालेला तोडगा असा: माणुसकी म्हणून ठेवून घ्यायचं, खायला-प्यायला द्यायचं, कायद्यात मात्र काही लिहायचं नाही. भारताने निर्वासितांसंबंधीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर तेव्हाही सही केली नव्हती आणि आजही केलेली नाही. तिबेटी माणूस आपल्या कायद्यात ‘परदेशी’ आहे, आधी १९४६च्या परकीय नागरिक कायद्याखाली आणि २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्याखाली मोडणारा. त्या वेळेपुरता काढलेला हा तोडगा पुढे साठ-पासष्ट वर्षं टिकला.

सुरुवातीचे दिवस वाईट होते. आसामात मिसामारीला बांबूच्या झोपड्यांची छावणी उभारली होती. बंगालात बक्सा दुआरला ब्रिटिशांच्या जुन्या कैदखान्यात भिक्षूंना ठेवलं. बारा-तेरा हजार फुटांवरून लोकरीच्या कपड्यांत उतरलेली माणसं आसामच्या उन्हाळ्यात सापडली. क्षय, हगवण, उष्म्याने मरण. त्यांना थंड हवेत न्यायचं म्हणून हजारोंना हिमाचल, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगरांत रस्त्यांच्या कामावर लावलं. तंबू रस्त्याबरोबर पुढे सरकायचे, मुलंबाळं त्यांच्यामागे. दरडी कोसळून माणसं जायची. हा मजुरीचा काळ नंतरच्या धोरणावर फार परिणाम करून गेला. माणसं अशी विखुरलेली राहिली तर दहा वर्षांत ‘तिबेटी’ म्हणून काही उरणार नाही, हे दलाई लामांच्या माणसांना कळलं आणि नेहरूंनाही पटलं.

मग नेहरूंनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांकडे जमिनीची विचारणा केली. सगळ्यांत मोकळ्या हाताने उत्तर आलं ते म्हैसूर राज्याकडून. त्या राज्याने बायलकुप्पेला सुमारे ३,००० एकर जमीन देऊ केली.

जंगल तोडून शेत

ही जमीन म्हणजे जंगल होतं. १९६०च्या अखेरीस पहिल्या तुकड्या आल्या तेव्हा तंबू, कुऱ्हाडी आणि रानटी हत्ती एवढंच होतं. दिवसा झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, जाळ करायचा. रात्री हत्ती येऊन उभं पीक आणि कधी झोपड्याही तुडवून जायचे. यातले बहुतेक लोक पशुपालक, व्यापारी किंवा सातूची शेती करणारे. मका, नाचणी, पावसाळी शेती यांतलं त्यांना काही माहीत नव्हतं. जमिनीचं वाटप माणशी साधारण एक एकर या हिशेबाने झालं. पाचजणांच्या कुटुंबाला पाचेक एकर कोरडवाहू म्हणजे त्या काळात अगदीच थोडी नव्हे.

वसाहतीची रचनाही मुद्दाम केलेली होती. छोटी छोटी गावं, ज्यांना तिथले लोक आजही ‘कॅम्प’च म्हणतात. प्रत्येक कॅम्पचा एक निवडलेला पुढारी, वर हिमाचलातल्या धर्मशाळेहून, म्हणजे दलाई लामांच्या प्रशासनाकडून, नेमलेला वसाहत अधिकारी. बी-बियाणं, ट्रॅक्टर, धान्याची खरेदी हे सगळं सहकारी सोसायटीमार्फत. आपल्याकडे साखर कारखान्यांनी जे केलं त्याच्या छोट्या आवृत्तीसारखं, फक्त इथे सभासदाच्या नावावर शेतच नव्हतं. भांडणतंटे बहुतेक आतल्या आत मिटायचे. भारत सरकारने धर्मशाळेच्या ‘निर्वासित सरकार’ला कधीही अधिकृत मान्यता दिली नाही, आणि तरीही त्याच सरकारला वसाहतींत अधिकारी नेमू दिले, आपल्या लोकांकडून ऐच्छिक वर्गणी गोळा करू दिली. कागदावर काहीच नाही आणि प्रत्यक्षात सगळं, ही भारतीय प्रशासनाची जुनी हातोटी. इथे तिचा उपयोग झाला हे मान्य करायला हवं.

शाळांचंही तसंच. १९६१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत तिबेटी शाळांसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिबेटी भाषा, धर्म आणि संगीत शिकवायचं, सोबत इंग्रजी आणि हिंदी, पुढे सीबीएसईची परीक्षा. पगार केंद्र सरकारचा. ज्या देशात आदिवासी मुलाला पहिलीत त्याच्या भाषेतलं पुस्तक मिळायची मारामार, तिथे परदेशी मानलेल्या मुलांना त्यांच्या भाषेची शाळा सरकारी खर्चाने मिळाली. याचा हेवा वाटावा अशी ही गोष्ट आहे.

या वसाहतीतून आणखी एक गोष्ट निघाली, जी आपल्या गावागावांत पोचली आहे पण तिचं मूळ फारसं कुणाला ठाऊक नाही. १९६८ मध्ये म्हैसूर राज्यातल्या तिबेटींच्या पुनर्वसनासाठी ‘मायराडा’ ही संस्था सुरू झाली. वसाहती उभ्या राहिल्यावर संस्थेने स्थानिक गरीब शेतकऱ्यांकडे मोर्चा वळवला. मोठ्या सहकारी सोसायट्यांत गरिबांचा टिकाव लागत नाही हे पाहून लहान लहान गट बांधले. त्यातूनच १९८०च्या दशकात भारतातल्या स्वयंसहाय्यता गटांचे पहिले प्रयोग झाले आणि १९८७ मध्ये नाबार्डने त्याला पैसे दिले. आपल्याकडचे महिला बचत गट आज ज्या चाकोरीतून चालतात त्या चाकोरीचा एक धागा असा तिबेटी छावण्यांपर्यंत जातो.

कर्नाटकात पुढे मुंडगोड, हुणसूर, कोल्लेगाल इथेही वसाहती झाल्या. बायलकुप्पेलाच दुसरी वसाहत १९६९ मध्ये आली. १९७०च्या आसपास सेरा मठ बायलकुप्पेत नव्याने उभा राहिला. द्रेपुंग आणि गांदेन हे मठ मुंडगोडला गेले. ल्हासाभोवतीची तीन मोठी मठ-विद्यापीठं अशी उत्तर आणि दक्षिण कर्नाटकाच्या पावसाळी माळांवर येऊन बसली. महाराष्ट्रातही १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा, आताच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही वसाहत झाली. नवेगाव-बांध, इटियाडोहच्या पट्ट्यात. तिथे मक्याऐवजी धान.

कागदाची बाजू

आता हातच्या राखलेल्या गोष्टी.

प्रत्येक प्रौढ तिबेटीकडे एक नोंदणी प्रमाणपत्र असतं. सगळे त्याला ‘आरसी’ म्हणतात. पूर्वी हे दरवर्षी, आता सहसा पाच वर्षांनी पोलिसांच्या परदेशी नागरिक शाखेत जाऊन नूतनीकरण करायचं. दुसऱ्या जिल्ह्यात मुक्काम लांबणार असेल तर कळवायचं. परदेशी जायचं तर पासपोर्ट नाही. पिवळ्या कव्हरचं ‘आयडेंटिटी सर्टिफिकेट’ घ्यायचं, आणि त्यावर परत भारतात येऊ देण्याबद्दलचा शिक्का आधी मारून घ्यायचा. विमानतळावर हे पिवळं पुस्तक पुढे केलं की रांग थांबते, वरिष्ठाला बोलावलं जातं. जन्म बायलकुप्पेच्या दवाखान्यातला, शिक्षण सीबीएसईचं, कन्नड गावठी ढंगात बोलता येतं, तरीही पुस्तक बघणारा विचारतो, ‘कुठले तुम्ही?’

जमीन राज्य सरकारची. तिच्यावर बांधलेलं घर स्वतःच्या पैशाचं, पण जमिनीचा उतारा नावावर नाही. म्हणजे विकता येत नाही, बँकेकडे गहाण टाकता येत नाही. वसाहतीबाहेर जागा घ्यायची तर परदेशी माणसासाठीची बंधनं आडवी येतात. वाटप झालं ते १९६०च्या दशकातल्या माणसांच्या हिशेबाने. लोकसंख्या वाढली, तिबेटातून १९८०नंतर आलेल्या नव्या माणसांची भर पडली, एकर तेवढेच राहिले. पाच एकरांवर आजोबा जगले, तेच पाच एकर तीन भावांत आणि त्यांच्या मुलांत आले. आपल्या शेतकऱ्याचंही हेच होतं, पण आपला शेतकरी निदान एखादा तुकडा विकून दुकान टाकतो, मुलीचं शिक्षण करतो, कर्ज काढतो. इथे ती वाट मुळातच बंद आहे.

राज्याराज्यांत याबाबत वेगवेगळा कारभार होता. अखेर २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण आखलं. त्यात राज्यांना सांगितलं की वसाहतींच्या जमिनी केंद्रीय तिबेटी मदत समितीला २० वर्षांच्या भाडेकराराने द्या, कल्याणकारी योजनांचा लाभ द्या, व्यवसायाचे परवाने द्या, पात्रतेप्रमाणे खासगी नोकरीची मुभा द्या. पाठोपाठ त्या समितीला पाच वर्षांत ४० कोटी रुपयांचं अनुदानही मंजूर झालं. लोकांना याचा खरा दिलासा मिळाला, विशेषतः रस्त्याकडेला माल विकणाऱ्यांना. तरी हे धोरण आहे, कायदा नाही. राज्याने अंमल केला तर केला. शिवाय करार समितीशी आहे. शेत कसणाऱ्या कुटुंबाच्या हातात त्याचा कुठलाच कागद नाही.

स्वेटरचा हंगाम

या धोरणाचं सगळ्यांत दिसणारं फळ महाराष्ट्रातल्या वाचकाने दरवर्षी पाहिलेलं असतं. ऑक्टोबर संपत आला की पुण्यात, नागपुरात, नाशकात एखाद्या मैदानावर पत्रे ठोकून तिबेटी स्वेटर मार्केट उभं राहतं. ‘एक दाम’च्या पाट्या, गॅसवर उकळणारा चहा, मागे प्लास्टिकच्या गोणींत माल. अनेकांना वाटतं, स्वेटर हिमालयातून विणून आणलेले. माल बहुतेक लुधियानाचा असतो.

याचा धागा सरळ त्या कोरडवाहू एकरांपर्यंत जातो. जमीन पावसावर, पीक एक. मका निघाला की हिवाळा मोकळा. गहाण टाकायला काही नाही, म्हणून बँक दारात उभं करत नाही. सरकारी नोकरीचं दार परदेशी माणसाला जवळपास बंद. मग उरतं काय? असा धंदा, ज्याला ना जागेची मालकी लागते ना तारण, आणि जो बरोबर शेतीच्या रिकाम्या महिन्यांत बसतो. लुधियानाचे होजिअरीवाले यांना माल उधारीवर देतात. हंगाम संपला की हिशेब चुकता. पिढ्यान्‌पिढ्या हा विश्वास चालत आला आहे, कारण एकाने पैसे बुडवले तर त्याच्या संघटनेतल्या सगळ्यांची पत जाते. बँकेने जी पत नाकारली ती लुधियानाच्या व्यापाऱ्याने दिली.

पण किंमत घरात मोजली जाते. नवरा-बायको दोघं चार महिने स्टॉलवर, मुलं वसतिगृहात किंवा आजीपाशी. थंडी नीट पडली नाही, की त्या वर्षी उधारी फेडून हातात काही उरत नाही. मॉल आणि ऑनलाइन विक्रीने तर हा धंदाच पोखरला आहे. जी पिढी स्टॉलमागे बसून अभ्यास करत मोठी झाली तिने स्टॉल चालवायचा नाही असं ठरवलं, आणि आईबापांनीही त्यांना तेच सांगितलं. मुली मोठ्या संख्येने नर्सिंगला गेल्या, मुलं कॉल सेंटरला. चांगल्या शाळांनी तयार केलेली ही मुलं, आणि पुढच्या प्रत्येक दारावर परदेशी म्हणून थांबवली जाणारी. शिक्षणाचं धोरण आणि नागरिकत्वाचं धोरण एकमेकांना भेटलेच नाहीत, असं म्हणायला हरकत नाही.

एका घरात तीन कायदे

नागरिकत्वाचा भाग जरा सावकाश वाचावा लागेल. १९५५च्या कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक आहे, आईबाप कुणीही असोत. त्यानंतर ३ डिसेंबर २००४च्या आत जन्मलेल्यांसाठी आईबापांपैकी एक नागरिक हवा. त्यापुढे जन्मलेल्यांसाठी एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

आता बायलकुप्पेतलं कुठलंही एक घर डोळ्यांसमोर आणा. आजोबा १९५९ मध्ये आलेले: परदेशी. मुलगी १९७० मध्ये कॅम्पात जन्मलेली: कायद्याने जन्मतः भारतीय. तिचा १९९५ मध्ये झालेला मुलगा, आई भारतीय म्हणून तोही भारतीय. तिच्या तिबेटातून १९९०च्या सुमारास आलेल्या नवऱ्याकडे कदाचित आरसीही धड नाही. चौघं एकाच चुलीवर जेवतात. आणि सरकारी व्यवहारात अनेक वर्षं हे चौघंही सारखेच ‘परदेशी’ धरले गेले, कारण पासपोर्ट कार्यालय कायदा न वाचता धोरण वाचत होतं.

२०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोल्कर यांच्या प्रकरणात हे मोडून काढलं. त्यांचा जन्म १९८६चा, भारतातला. म्हणून त्या जन्मतः नागरिक, आणि पासपोर्ट नाकारता येणार नाही. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा पात्र तिबेटींची नावं मतदारयादीत घेण्याचे आदेश दिले. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला आणि २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचा मार्ग मोकळा केला.

मोकळा म्हणजे कसा? त्याच वर्षी अटी आल्या. आरसी आणि पिवळं पुस्तक परत करा, तिबेटी वसाहतीत राहत नसल्याचं दाखवा, धर्मशाळेच्या प्रशासनाकडून मिळणारे फायदे सोडल्याचं लिहून द्या. म्हणजे ज्या घरात जन्म झाला ते सोडा, मग जन्मामुळे मिळणारा हक्क घ्या. या एका अटीत सगळं प्रकरण आलं आहे. सरकारच्या तर्काला धार आहे हे कबूल करतो: वसाहत निर्वासितांसाठी दिली, नागरिकाने तिथे का राहावं? पण हा तर्क माणसाला व्यक्ती म्हणून बघतो आणि वसाहत मुळात समुदाय म्हणून वसवलेली होती. बहुतेकांनी गणित केलं आणि गप्प बसले. धर्मशाळेने नागरिकत्व घेण्याला उघड विरोध केला नाही, प्रोत्साहनही दिलं नाही. त्यांचीही अडचण समजते. सगळेच भारतीय झाले तर तिबेटचा प्रश्न मांडणार कोण?

लष्कराची गोष्ट यात बाजूला ठेवता येत नाही. १९६२च्या युद्धात, नोव्हेंबरमध्ये, तिबेटींची एक खास तुकडी उभी राहिली, जिला सगळे ‘टू-टू’ म्हणतात. १९७१ मध्ये चितगावच्या डोंगरात ती लढली. ऑगस्ट २०२०च्या शेवटी पँगाँगच्या दक्षिण काठावर तिचा एक अधिकारी सुरुंगाच्या स्फोटात गेला, आणि त्याच्या अंत्ययात्रेत लेहमध्ये भारताचा आणि तिबेटचा, असे दोन्ही झेंडे होते. देशासाठी मरायला जो चालतो त्याला देशात एक गुंठा विकत घ्यायला का चालत नाही, हा प्रश्न त्या वेळी काही दिवस विचारला गेला. मग बातम्या पुढे गेल्या.

शेजारच्या जिल्ह्यातला पुरावा

इथे कुणी म्हणेल, नागरिकत्व दिलं असतं तर सगळं छान झालं असतं. त्याची तपासणी आपल्या विदर्भातच करता येते. नोर्ग्येलिंगपासून फार लांब नाही, गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत. १९६०च्या दशकात त्यांना तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलात वसवलं. त्यांना तिबेटींसारखं परदेशी म्हणून ठेवायचं नव्हतं, देशात सामावून घ्यायचं होतं. जमीन दिली, मतदानाचा हक्क मिळाला. पण शाळा त्यांच्या भाषेच्या नव्हत्या, मधे बोलणारी धर्मशाळेसारखी संस्था नव्हती, परदेशी मदत नव्हती. त्यांच्यातला नामशूद्र समाज बंगालात अनुसूचित जातीत मोडतो, महाराष्ट्राच्या यादीत नाही. जातीचा तो आधार सीमेबरोबर गळून पडला. दंडकारण्यात असेच वसवलेले हजारो लोक १९७८ मध्ये उठून बंगालातल्या सुंदरबनकडे निघाले आणि १९७९ मध्ये तिथल्या मरीचझापी बेटावरून पोलिसांनी गोळीबार करून त्यांना हुसकावून लावलं.

एकाच राज्याच्या दोन लागून असलेल्या जिल्ह्यांत एकाच केंद्र सरकारने दोन निर्वासित समाज बसवले. एकाला समाज म्हणून जगू दिलं पण नागरिक केलं नाही. दुसऱ्याला नागरिक मानलं आणि समाज म्हणून वाऱ्यावर सोडलं. मला विचाराल तर पहिल्यांची अवस्था चाळीस वर्षं बरी राहिली आणि आता घसरते आहे. दुसऱ्यांची पहिली तीस वर्षं फार वाईट गेली, पण त्यांची नातवंडं निदान तलाठी भरतीचा अर्ज भरतात. यात कुठलं धोरण ‘चांगलं’ असं मी म्हणणार नाही. दोन्ही अर्धी होती.

रिकामं होणं

धर्मशाळेच्या २००९च्या पाहणीत तिबेटबाहेर १,२७,९३५ तिबेटी नोंदले गेले, त्यांपैकी ९४,२०३ भारतात. त्यानंतर भारतातला आकडा उतरतच गेला आहे. एकीकडून माणसं जातात: अमेरिकेने १९९०च्या कायद्याने भारत-नेपाळमधल्या तिबेटींना १,००० व्हिसा दिले, त्या हजारांनी आपापल्या घरच्यांना नेलं, कॅनडाने अरुणाचलातल्या १,००० जणांना घेतलं. दुसरीकडून येणं थांबलं: २००८ पर्यंत दरवर्षी दोन-तीन हजार लोक डोंगर ओलांडून यायचे, तिबेटातल्या त्या वर्षीच्या उठावानंतर चीनने सीमा इतकी आवळली की आता बोटावर मोजण्याइतके येतात. शाळांत पोरं नाहीत, काही शाळा एकत्र केल्या गेल्या. जिथे शेत कसायला घरात कुणी नाही तिथे ते शेजारच्या कन्नड शेतकऱ्याला खंडाने दिलं जातं. म्हणजे ज्या जमिनीसाठी १९६० मध्ये जंगल तोडलं, तिच्यावर आता मजूर आणि कसणारा दोघंही आसपासच्या गावांतले.

आणि गेलेला मुलगा परत आला तर? बायलकुप्पे हे परदेशी नागरिकांसाठी संरक्षित क्षेत्र आहे. कॅनडाचा पासपोर्ट घेतलेल्या मुलाला आईबापांच्या घरी रात्रीचा मुक्काम करायचा असेल तर आधी अर्ज करून परवाना काढावा लागतो. नाही मिळाला तर कुशालनगरच्या लॉजवर झोपायचं आणि सकाळी रिक्षाने घरी यायचं. ही गोष्ट तिथल्या लोकांना इतकी सवयीची झाली आहे की ते ती तक्रार म्हणून सांगतही नाहीत.

काय बदलता येईल

मोठा कायदा होईल असं मला वाटत नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा करण्याची चर्चा या देशात अधूनमधून होते आणि मागे पडते. चीनशी संबंध कधी ताणले जातात, कधी सैलावतात, त्यावर दिल्लीची भूमिका ठरते. २००३ मध्ये वाजपेयींच्या भेटीत भारताने तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं पुन्हा लिहून दिलं, २०२० मध्ये टू-टूच्या जवानाला जाहीर सलामी दिली. तिबेटी माणसाची आरसी या दोन टोकांच्या मधे लोंबकळते.

मात्र दोन गोष्टी फक्त एका आदेशाच्या लांबीच्या आहेत. पहिली, नागरिकत्व घेतलं तर वसाहत सोडा ही २०१७ची अट काढून टाकणं. कुटुंबातल्या कुणाकडेही आरसी असेल तोवर घर आणि शेताचा वाटा त्या घराकडे राहू द्यावा, इतर सवलतींचं मग बघता येईल. या एका बदलाने बंगळुरूत नोकरी करणारी मुलगी गाव सोडल्याचं लिहून न देता पासपोर्ट घेऊ शकेल, आणि तिच्या नावावर बँक कर्ज देऊ शकेल. दुसरी, भाडेकरारात कसणाऱ्या कुटुंबांची नावनिशीवार यादी जोडणं, म्हणजे निदान पीककर्जासाठी आणि पीकविम्यासाठी काही कागद हाताशी असेल. महाराष्ट्राला तर यासाठी दिल्लीची वाटही बघावी लागणार नाही, गोठणगावची जमीन राज्याची आहे.

अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. २०१४च्या धोरणातले २० वर्षांचे करार ज्या राज्यांनी लगेच केले तिथे ते पुढच्या दशकाच्या मध्याला संपायला येतील. दलाई लामा जुलै २०२५ मध्ये नव्वदीचे झाले. आजवर ही सगळी व्यवस्था धर्मशाळेवरच्या विश्वासावर आणि दिल्लीच्या सद्भावनेवर चालली, आणि त्या दोन्हींच्या मधे एक माणूस उभा होता. करारांच्या नूतनीकरणाच्या फाइली जिल्हाधिकारी कचेऱ्यांत येतील तेव्हा तिथल्या कारकुनासमोर सद्भावना नसेल, तो गावनकाशा काढून बघेल. त्यात बहुधा ‘सरकार’ असंच लिहिलेलं असेल.